स्वतः बनवलेल्या फंक्शनची माहिती कुठे आणि कशी लिहिता?

हिशेबवही
नमस्कार मंडळी. गेल्या जूनपासून मी आमच्या कोथरूडच्या सोसायटीची खजिनदार आहे. ८४ सदनिकांची बिलं एकाच एक्सेल फाइलीतून निघतात. फाइल आधीच्या खजिनदार काकांनी बनवली आहे आणि ती उत्तम चालते, हे आधीच सांगते. काका आता मुलीकडे बंगळूरला राहायला गेलेत. फाइलीत त्यांनी स्वतः लिहिलेली तीन फंक्शनं आहेत. एक थकबाकीवर व्याज काढतं, एक बिगरभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसलेल्या सदनिकेचं) काढतं आणि एक रक्कम अक्षरी लिहितं.

परवा कमिटीच्या मीटिंगमध्ये एका आजोबांनी, बँकेतून निवृत्त आहेत ते, बिल पुढे सरकवलं. थकबाकी १२,००० रुपये, दर २१ टक्के, तीन महिने. "ताई, व्याज ६३० यायला हवं. तुम्ही ६२१ रुपये ३७ पैसे लावलंय. माझा फायदाच झालाय, पण हिशेब कसा केला ते कळू दे."

मला सांगता येईना. घरी येऊन सेलवर उभी राहिले आणि फॉर्म्युल्याच्या पट्टीशेजारचं एफएक्स बटण दाबलं. तीन रिकाम्या चौकटी, शेजारी रोमन अक्षरांत 'आर', 'डी', 'डी१', आणि खाली मदत उपलब्ध नाही अशा अर्थाची ओळ. शेवटी कोड उघडला. ९० दिवस भागिले ३६५, असा हिशेब आहे. आजोबांनी धरला होता तीन महिने भागिले बारा. दोन्ही बरोबरच. पण आपल्या सोसायटीत दिवसांवर का आणि कधीपासून, हे कुठेच लिहिलेलं नाही.

तर, एक्सेलच्या स्वतःच्या सम किंवा पीएमटी फंक्शनला चौकटीखाली कशी नीट माहिती दिसते, तशी आपल्या फंक्शनला देता येते का? आणि देता येत असेल तर तुम्ही त्यात नेमकं काय लिहिता? मला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त हवंय. उद्या मी पद सोडलं तर माझ्या जागी येणाऱ्याला कुणासमोर असं गप्प बसावं लागू नये.

भोसरीवाला
देता येते ताई. एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे फाइलीतला कोड, ज्या व्हीबीए भाषेत लिहितात, तिच्यात ॲप्लिकेशनची मॅक्रोऑप्शन्स नावाची मेथड (तयार आज्ञा) आहे. तिला फंक्शनचं नाव, त्याचं वर्णन, कुठल्या गटात दाखवायचं तो गट आणि कंसातल्या प्रत्येक किमतीची (फंक्शनला आपण जे आकडे पुरवतो त्यांची) माहिती असं सगळं देता येतं. ही शेवटची सोय एक्सेल २०१० पासून आली. त्याआधी फक्त पूर्ण फंक्शनला एक वर्णन लिहिता यायचं. किमतींची माहिती ॲरेमध्ये, म्हणजे एका यादीत, द्यायची, फंक्शनच्या कंसात ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने. वर्णनाला २५५ अक्षरांची मर्यादा आहे.

गटाच्या जागी आकडा न देता स्वतःचं नाव दिलंत, समजा सोसायटी, तर फंक्शनच्या यादीत तसा वेगळा गट तयार होतो. नाहीतर सगळं 'यूजर डिफाइन्ड' या ढिगात जाऊन पडतं.

हा कोड वर्कबुक उघडतानाच्या इव्हेंटमधून बोलवा, म्हणजे फाइल उघडली की दरवेळी आपोआप चालेल. आमच्या टूलरूममध्ये तसाच आहे.

पेठेतला
कोड लिहायचा कंटाळा असेल तर सोपा रस्ता. व्हीबीएच्या खिडकीत एफ२ दाबा, ऑब्जेक्ट ब्राउझर उघडेल. आपलं फंक्शन शोधून उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि वर्णनाच्या चौकटीत लिहून टाका. किमतींची वेगळी माहिती मात्र इथे देता येत नाही.

दुसरा रस्ता अल्ट-एफ८चा. मॅक्रोच्या त्या यादीत फंक्शनं दिसत नाहीत, म्हणून लोक समजतात की इथे काम होणार नाही. पण नाव हाताने टाइप केलंत की ऑप्शन्सचं बटण जिवंत होतं.

वाचनमात्र
एफ२ चा हा उपयोग मला आजच कळला. वाचनखूण साठवली.

टिळकरोड
माझं मत थोडं वेगळं आहे. नाव नीट ठेवलं तर वर्णनाची गरजच उरत नाही. 'आर', 'डी', 'डी१' ही नावं ठेवणाऱ्याची चूक आहे. रक्कम, वार्षिक दर टक्क्यांत, उशिराचे दिवस, एवढं नावातच असतं तर ताईंना कोड उघडावा लागला नसता.

याच्या जोडीला एक युक्ती. सेलमध्ये बरोबरचं चिन्ह, फंक्शनचं नाव आणि उघडा कंस एवढं टाइप करून कंट्रोल-शिफ्ट-ए दाबा. कंसात सगळ्या किमतींची नावं आपोआप उतरतात. नुसतं कंट्रोल-ए दाबलं तर चौकटींची खिडकी उघडते. व्हीबीएतल्या फंक्शनला टाइप करताना खाली तरंगती पट्टी येत नाही, कितीही वर्णन लिहा. म्हणून नावावरच मेहनत घ्यावी.

भोसरीवाला
@टिळकरोड, कंट्रोल-शिफ्ट-ए बद्दल पूर्ण सहमत. पण नावात किती कोंबणार? दर टक्क्यांत म्हणजे २१ लिहायचं की ०.२१? एक्सेलमध्ये सेलला टक्केवारीचा फॉरमॅट असेल तर दिसतं २१ टक्के आणि आत असतं ०.२१. दोघंही टक्केच म्हणणार. ही गोष्ट एका वाक्यात उदाहरणासह लिहिली तरच कळते.

सातबारा
ताईंचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी जमिनींच्या मूल्यांकनाचं काम करतो. मुळशी, हवेली, पुरंदर या बाजूची कामं जास्त. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं येतं. गिऱ्हाईक बोलतं गुंठ्यात. दर ठरतो कधी गुंठ्यावर, कधी चौरस फुटावर. म्हणून ऑफिसात एक फंक्शन केलं होतं, क्षेत्र दिलं की चौरस फूट मिळतात. नाव होतं क्षेत्र ते फूट. वर्णनही होतं बरं का! "क्षेत्राचे चौरस फुटांत रूपांतर करते." म्हणजे नाव जे सांगत होतं तेच पुन्हा.

फंक्शनला हवे होते गुंठे. नव्याने लागलेल्या मुलाने सातबारा समोर ठेवून आर भरले. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, मीटरात १०१.१७. एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. दोन्ही इतके जवळचे की उत्तर पाहून कुणालाच शंका येत नाही. दहापट चूक डोळ्यात भरते, एक टक्क्याची भरत नाही. ४० आर म्हणजे ४३,०५६ चौरस फूट. ४० गुंठे, म्हणजे एक एकर, म्हणजे ४३,५६०. एकरामागे ५०४ चौरस फूट जास्त लागत गेले. तीन अहवाल गेल्यावर एका वकिलांनी पकडलं. अहवाल परत मागवून दुरुस्त करून दिले, गिऱ्हाइकांना स्वतः फोन केले.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. वर्णनात फंक्शन काय करतं हे शेवटी लिहायचं. आधी एकक. मग एक उदाहरण, आत काय दिलं आणि बाहेर काय आलं. "गुंठे द्या, आर नव्हे. ४० दिले तर ४३,५६० येतात." एवढं वाचलं की ज्याच्या हातात सातबारा आहे तो थांबतो.

हिशेबवही
@सातबारा, "आर नव्हे" हे दोन शब्द मी वहीत लिहून ठेवले. माझ्या फंक्शनलाही नेमकं हेच हवं होतं: "दिवस द्या, महिने नव्हे."

@भोसरीवाला, तुमच्या पद्धतीने करून पाहिलं. चाललं! पण वर्णन मराठीत चिकटवलं तर व्हीबीएच्या खिडकीत सगळी प्रश्नचिन्हं. काय चुकलं?

भोसरीवाला
तुमचं काही चुकलेलं नाही. व्हीबीएचा एडिटर १९९० च्या दशकातला आहे, तो युनिकोडच्या आधीच्या कोडपेजवर (ठरावीक लिप्यांपुरत्या जुन्या अक्षरतक्त्यांवर) चालतो. रशियन किंवा ग्रीकवाले विंडोजची भाषा बदलून वेळ मारून नेतात, कारण त्यांना जुनी कोडपेज होती. देवनागरीला विंडोजमध्ये तशी कोडपेज कधी नव्हतीच. म्हणून आम्ही रोमन लिपीत मराठी लिहितो. आमच्या मशीनवरच्या मुलांना ते इंग्रजीपेक्षा पटकन कळतं.

वारजेकर
अवांतर: पुण्यात पाटी लावायला कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. जिन्यात, फाटकावर, पार्किंगमध्ये, सगळीकडे सूचना स्पष्ट आणि खणखणीत. नेमकं फंक्शनवरच पाटी लावायची राहून जाते!

पेठेतला
@वारजेकर :) आणि चांगल्या पाटीवर नेहमी काय करू नये ते लिहिलेलं असतं. सातबारा यांचं "आर नव्हे" त्यातलंच.

खर्डा
लेखापरीक्षणाच्या बाजूने लिहितो. मला मुळात हा प्रकारच पटत नाही. सोसायटीचा हिशेब तपासायला बसलो की मला प्रत्येक पायरी कागदावर दिसायला हवी. थकबाकी एका कॉलममध्ये, दिवस दुसऱ्यात, दर तिसऱ्यात, व्याज चौथ्यात. फंक्शन म्हणजे बंद डबा. डब्यावर सुंदर लेबल लावलं तरी आत काय आहे ते मला उघडूनच पाहावं लागतं. लेबल खोटं असलं तर? कोडमध्ये ३६५ चे ३६० केले आणि वर्णन बदललं नाही, असं होणारच नाही का?

शिवाय मॅक्रो असलेली फाइल. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. ईमेलने आलेली फाइल उघडली, मॅक्रो बंद, आणि बिलाच्या रकमेच्या जागी नेम एरर, म्हणजे फंक्शन ओळखता आलं नाही. तुमचं वर्णन तिथे कुणाच्या कामाचं?

भोसरीवाला
@खर्डा, अडवलेल्या फाइलीचं उत्तर सोपं आहे. खात्रीच्या माणसाकडून आली असेल तर फाइल सेव्ह करा, उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकची खूण. पण तुमचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. कोड बदलला की वर्णन बदलायलाच हवं, आणि ते राहतं. म्हणून मी मॅक्रोऑप्शन्सच्या ओळी फंक्शनच्या अगदी खालीच लिहितो, त्याच मॉड्यूलमध्ये. हात कोडला लागला की डोळा वर्णनावर जातोच.

हिशेबवही
@खर्डा काका, तुमचं म्हणणं मनापासून पटतं, विशेषतः लेबल खोटं पडण्याचं. पण आमच्या फाइलीत व्याजाचा हिशेब ८४ ओळी गुणिले बारा महिने असा आहे. काकांच्या आधी तो कॉलममध्येच होता. एकदा कुणीतरी मधली ओळ घुसवली आणि खालच्या वीस सदनिकांचे फॉर्म्युले सरकले. म्हणून काकांनी फंक्शन केलं. एका जागी दुरुस्त केलं की सगळीकडे दुरुस्त होतं. मला फंक्शन काढायचं नाहीये, ते उघडं करायचंय.

खर्डा
मग एक करा. उदाहरणाचा हिशेब पायऱ्यांसकट एका वेगळ्या शीटवर ठेवा आणि वर्णनात त्या शीटचं नाव लिहा. मला तेवढं पुरेल.

सीएची_आर्टिकल
मी एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करतेय, दुसरं वर्ष. आमच्याकडे जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणीचा नंबर, तपासायचं फंक्शन आहे. पंधरा अक्षरं. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राला २७, पुढची दहा पॅन, आणि शेवटचं तपासअक्षर, जे आधीच्या चौदांवरून गणिताने निघतं. फंक्शन ते गणित करतं आणि बरोबर की चूक सांगतं.

मी रुजू झाले तेव्हा मला वाटलं, बरोबर आलं म्हणजे नोंदणी चालू आहे. एका पुरवठादाराची नोंदणी रद्द झालेली होती. नंबर मात्र रचनेने अचूक, त्यामुळे फंक्शन बरोबर म्हणत राहिलं आणि मी यादी पुढे पाठवली. सरांनी जीएसटी पोर्टलवर पाहिलं म्हणून कराचं क्रेडिट घेण्याआधी थांबलं.

आता त्या फंक्शनचं वर्णन मीच लिहिलंय. पहिलं वाक्य: "फक्त नंबरची रचना तपासते. नोंदणी चालू आहे का, हे पोर्टलवर वेगळं पाहा." फंक्शन काय करत नाही, ते आधी सांगावं, असं माझं मत झालंय.

सातबारा
@सीएची_आर्टिकल, लाख मोलाचं बोललात.

टिळकरोड
हो, हे नावात नाही बसणार. मी माझं वरचं म्हणणं अर्धं मागे घेतो. :)

बचतगट
आमचं सगळं गूगल शीट्सवर आहे, कारण बायका मोबाइलवर बघतात. धायरीत आमचे चार बचत गट आहेत. तिथे दोन प्रकारे फंक्शन बनवता येतं आणि दोन्हीकडे मराठी छान दिसतं.

पहिला प्रकार ॲप्स स्क्रिप्टचा, म्हणजे शीटला जोडून कोड लिहायचा. फंक्शनच्या बरोबर वर, तिरकी रेघ आणि दोन तारे अशी सुरुवात करून टिप्पणी लिहायची. पहिल्या ओळीत काय करतं ते. मग ॲटचं चिन्ह लावून पॅरम, त्यापुढे किमतीचं नाव आणि माहिती, प्रत्येक किमतीसाठी एक ओळ. मग ॲट रिटर्न. आणि शेवटी ॲट कस्टमफंक्शन. ही शेवटची खूण विसरलात तर फंक्शन चालतं, पण टाइप करताना यादीत सुचवलं जात नाही. मी पहिल्यांदा तीच विसरले होते आणि दोन संध्याकाळी टिप्पणीतच चूक शोधत बसले.

दुसरा प्रकार नेम्ड फंक्शन्सचा, २०२२ मध्ये आला. डेटा मेनूत आहे, कोड लागत नाही. त्यात वर्णन, प्रत्येक किमतीची माहिती आणि तिचं उदाहरण, अशा वेगळ्या चौकटीच दिलेल्या आहेत. रिकामी चौकट समोर दिसली की माणूस भरतो. आमच्या अध्यक्षा सातवी शिकलेल्या आहेत. त्यांनी स्वतः लिहिलं: "कर्जाचे हप्ते किती ते लिहा, महिन्यात. ताईंना विचारू नका, इथे १० लिहा म्हणजे १० महिने." आता मला खरंच कुणी विचारत नाही.

हिशेबवही
@बचतगट, अध्यक्षाबाईंना माझा नमस्कार सांगा. इतकं चांगलं वर्णन मला आजवर लिहिता आलेलं नाही.

पेठेतला
गूगलबद्दल एक पुरवणी. स्क्रिप्टमधलं कस्टम फंक्शन ३० सेकंदांत उत्तर देऊ शकलं नाही तर एरर येते. हळू चालणारं असेल तर तेही वर्णनात लिहा, नाहीतर कुणीतरी पाचशे ओळींवर ओढतं आणि मग आपल्याला फोन.

नवे एक्सेल असेल तर लॅम्डा (कोड न लिहिता फॉर्म्युल्यातूनच स्वतःचं फंक्शन बनवायची सोय) हाही मार्ग आहे. डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केला. फंक्शन नेम मॅनेजरमध्ये ठेवायचं आणि तिथल्या कॉमेंटच्या चौकटीत वर्णन लिहायचं. टाइप करताना ते नावाशेजारी दिसतं आणि मराठीही नीट दिसतं. मॅक्रो नाही, म्हणून खर्डा काकांची अडवलेल्या फाइलीची तक्रारही मिटते. प्रत्येक किमतीला वेगळी माहिती देता येत नाही, पण कंस उघडला की किमतींची नावं तरंगत्या पट्टीत येतात.

हिशेबवही
सोसायटीच्या ऑफिसमधल्या संगणकावर एक्सेल २०१६ आहे. लॅम्डा चालणार नाही ना?

पेठेतला
नाही चालणार. मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२४ हवं.

मुक्तस्रोत
लिबरऑफिसवाला कुणी आहे का इथे? मी एका शाळेसाठी काम करतो, तिथे लायसन्सला पैसे नाहीत. त्यातल्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारखंच ते) बेसिक भाषेतलं फंक्शन सेलमधून चालतं, पण फंक्शन विझार्डच्या यादीत येतच नाही, मग वर्णन कुठलं! यादीत आणायचं तर ॲड-इन एक्स्टेन्शन (सॉफ्टवेअरला जोडायची पुरवणी) करावं लागतं, आणि त्याच्या एक्ससीयू नावाच्या माहितीच्या फाइलीत फंक्शनचं आणि प्रत्येक किमतीचं वर्णन लिहावं लागतं. जमेची बाजू अशी, की तिथे भाषेप्रमाणे वेगवेगळं वर्णन देता येतं, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. एकदा करायला दोन रविवार गेले माझे. पण आता शाळेतल्या बाईंना मराठी वर्णन दिसतं, आणि त्या म्हणाल्या की हे आपल्यासाठी कुणीतरी केलंय असं वाटतं. मला त्याचंच समाधान.

ज्यांना एवढं शक्य नाही त्यांनी पहिलंच शीट 'वाचा' या नावाचं ठेवावं. प्रत्येक फंक्शनला एक ओळ. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये, छापील कागदावरसुद्धा चालतं.

नवीनसभासद
माझा एक बाळबोध प्रश्न. मी एका फाइलीतलं फंक्शन दुसऱ्या फाइलीत कॉपी-पेस्ट केलं तर वर्णन गेलं. असं का?

भोसरीवाला
बाळबोध मुळीच नाही, यात बरेच जण अडकतात. वर्णन मॉड्यूलमध्ये ॲट्रिब्यूटच्या ओळीत साठवलेलं असतं आणि एडिटर ती ओळ दाखवत नाही. जे दिसत नाही ते कॉपी होत नाही. मॉड्यूल एक्स्पोर्ट करा आणि नव्या फाइलीत इम्पोर्ट करा. एक्स्पोर्ट केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत तर ती ओळ दिसेलही.

आणखी एक. फंक्शन पर्सनल मॅक्रो वर्कबुकमध्ये (आपले मॅक्रो ठेवायच्या लपलेल्या फाइलीत) असेल तर मॅक्रोऑप्शन्स चालवताना लपवलेल्या वर्कबुकमधला मॅक्रो बदलता येत नाही अशी एरर येते. ते वर्कबुक अनहाइड करा, कोड चालवा, परत हाइड करून सेव्ह करा. ॲड-इन बनवायचं असेल तर साध्या फाइलीत असतानाच वर्णनं देऊन घ्या, मग ॲड-इन म्हणून सेव्ह करा.

नवीनसभासद
झालं! धन्यवाद दादा.

वारजेकर
मॅक्रोऑप्शन्समध्ये हेल्पफाइलचा पत्ताही देता येतो ना? कुणी वापरलंय?

भोसरीवाला
वापरलंय, आणि सोडून दिलं. सीएचएम फाइल (विंडोजची मदतीची फाइल) कंपनीच्या नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवली की उघडते, पण आतलं पान कोरं, कारण सुरक्षेसाठी विंडोज ते अडवतं. 'वाचा' शीट त्यापेक्षा कितीतरी बरं.

हिशेबवही
मंडळी, आज काकांना बंगळूरला फोन केला. खरं तर हे आधीच करायला हवं होतं.

म्हणाले, "अगं, त्याचं कारण आहे." आधी व्याज महिन्यावरच होतं. पाच दिवस उशीर करणारा आणि अठ्ठावीस दिवस उशीर करणारा, दोघांना पूर्ण महिन्याचं व्याज. एका सर्वसाधारण सभेत यावरून बरीच वादावादी झाली आणि दिवसांवर आकारणी करायचा ठराव झाला. लीप वर्ष असलं तरी ३६५ नेच भागायचं, हेही तेव्हाच ठरलं. दर आपल्या उपविधींप्रमाणे २१ टक्के, सरळव्याज. इतिवृत्ताच्या वहीत मला ठराव सापडला. आजोबांना दाखवला, त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "झालं, शंका मिटली."

ठरावामागे एवढी माणसं बोलली, भांडली, आणि फाइलीत त्यातलं उरलं ते फक्त ३६५.

तर आता व्याजाच्या फंक्शनला मी हे लिहिलंय (फाइलीत रोमन लिपीत आहे, इथे देवनागरीत देते): "सरळव्याज, दिवसांवर. दिवस द्या, महिने नव्हे. दर २१ असा द्या, ०.२१ नव्हे. लीप वर्षातही ३६५ ने भाग, सभेच्या ठरावाप्रमाणे. १२०००, २१, ९० दिले तर ६२१.३७. पायऱ्या 'वाचा' शीटवर." किमतींची नावंही बदलली. २५५ च्या आत बसलं.

खर्डा
उत्तम. 'वाचा' शीटवर ठरावाची तारीख लिहा. आणि एक प्रश्न: देय तारखेचा दिवस मोजायचा की दुसऱ्या दिवसापासून?

सातबारा
खर्डा काकांनी बरोबर बोट ठेवलं. आणि बिगरभोगवटा शुल्कालाही लिहाच. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि त्यात महापालिकेचा कर धरायचा नाही. कोणती रक्कम आत द्यायची याचा घोळ तिथे हमखास होतो.

हिशेबवही
@खर्डा काका, पुन्हा फोन केला. देय तारीख मोजायची नाही, दुसऱ्या दिवसापासून. वर्णनात घातलं. त्यासाठी "पायऱ्या" हा शब्द काढावा लागला, नुसतं "'वाचा' शीट पाहा" ठेवलं.

काका म्हणाले, "फाइल मला मेल कर, बाकीच्या दोन्हींचं मी लिहितो, माझ्याच डोक्यातलं आहे ते." पाठवली. रात्री साडेअकराला परत आली. अनब्लॉकची खूण करून उघडली, @भोसरीवाला, तुमच्यामुळे घाबरले नाही. बिगरभोगवटा शुल्काला त्यांनी @सातबारा म्हणतात तेच लिहिलंय, महापालिका कर वगळून. आणि रक्कम अक्षरीच्या फंक्शनला लिहिलंय: "रुपये व पैसे दोन्ही. ऋण रक्कम चालत नाही. ९९ कोटींपर्यंत चालते, तेवढी थकबाकी आपल्याकडे कुणाची न होवो."